चांदीला वेळीच थांबवणारी बुरशी

सांगली जिल्ह्यातला विटा, खानापूर, आटपाडीचा भाग आणि साताऱ्याचे माण-खटाव हे तालुके कमी पावसाचे. इथली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. दूरच्या एखाद्या राज्यात, सराफबाजाराच्या मागच्या गल्लीत, सोनं-चांदी शुद्ध करून देणारा कारागीर माणदेशी मराठीत बोलताना भेटतो तो याच मुलखातला असतो. ज्यानं हे काम जवळून पाहिलं आहे, त्याला बुरशीकडून चांदीचे नॅनोकण कसे तयार होतात यातला निम्मा भाग आधीच ठाऊक आहे.

सोन्यात मिसळलेली चांदी वेगळी करायची, तर ती मिश्र धातू नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. सोनं तसंच राहतं, चांदी विरघळून जाते. उरलेल्या पाण्यात चांदी आहे हे नुसतं बघून कळत नाही, पण ते हाताला लागलं की कातडीवर काळे डाग पडतात आणि धुऊन निघत नाहीत. हे सिल्व्हर नायट्रेटचं पाणी. त्यातून चांदी परत मिळवायला तांब्याची पट्टी सोडतात. पट्टीवर करडी लव धरते, ती वाढत जाते, गळून तळाशी बसते, आणि पाणी निळं होत जातं. तळाचा करडा गाळ धुऊन मुशीत वितळवला की चांदीची लगड हातात येते.

यात घडतं ते एवढंच. विरघळताना चांदीच्या प्रत्येक अणूनं एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, म्हणून तो पाण्यात आयन बनून फिरतो. तांबं स्वतःचे इलेक्ट्रॉन चांदीपेक्षा सहज सोडतं. तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरतो आणि चांदीचे दोन आयन पुन्हा धातू होतात. मोकळे झालेले अणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे कण होतात, कणांचे गठ्ठे होतात. गलाईवाल्याला गठ्ठेच हवे असतात, जितके मोठे तितकं काम सोपं.

बुरशीही चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉनच देते. पण कण काही नॅनोमीटरचा झाला की ती त्याला तिथेच थांबवते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या विषयातली खरी गंमत मला त्या थांबवण्यात वाटते. चांदी खाली बसवायला बुरशी लागत नाही. ती खाली बसू न देणं हे कसब आहे.

आधी थांबवायचं कशासाठी ते पाहू. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा साडेदहा ग्रॅमचा भरतो, तोळ्याला थोडा कमी. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. हाच ठोकळा दहा नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांत कापता आला, तर त्या सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. तोळाभराहून कमी चांदी आणि जवळपास सहा गुंठे पृष्ठभाग! जिवाणूंवरचं काम पृष्ठभागावरून सुटणाऱ्या आयनांमुळे होतं, त्यामुळे सगळा हिशेब या गुंठ्यांचा आहे.

बुरशीचं हे अंग जगासमोर ठळकपणे आलं ते पुण्यातून. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली व्हर्टिसिलियम या बुरशीचे धागे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवले. धाग्यांचा रंग तपकिरी झाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीभित्तीच्या आतल्या बाजूला चांदीचे कण दिसले, सरासरी २५ नॅनोमीटरचे. चांदी सूक्ष्मजीवांना मारते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ही बुरशी पोटात चांदी घेऊन वाढतच राहिली होती.

अडचण एवढीच की कण पेशीत अडकलेले होते. बाहेर काढायचे तर पेशी फोडायच्या, मग त्या चिखलातून कण वेगळे करायचे. याच गटानं २००३ साली फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. हिच्याकडे चांदीचे कण पेशीच्या बाहेर, पाण्यातच तयार होत होते, ५ ते १५ नॅनोमीटरचे. धागे गाळून टाकले की कण पाण्यात मोकळे. पुढच्या कामाची वाट या एका फरकानं खुली केली.

फ्युजेरियमची ओळख आपल्या शेतकऱ्याला करून द्यावी लागत नाही. टोमॅटो, हरभरा यांची मर हिच्यामुळे होते. कोरेगाव-सातारा भागातल्या आल्याच्या आणि सांगलीकडच्या हळदीच्या कंदकुजीत इतर बुरशींबरोबर फ्युजेरियमही हात घालते. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटानं २००८ साली ज्या बुरशीवर काम प्रसिद्ध केलं, ती फ्युजेरियम ॲक्युमिनेटम रोगट आल्याच्या कंदातूनच वेगळी केलेली होती. तिच्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटांतच रंग बदलला. कण सरासरी १३ नॅनोमीटरचे निघाले. असा एक कण म्हणजे चांदीचे जेमतेम ६५-७० हजार अणू. म्हणजे साताऱ्याच्या एखाद्या महाविद्यालयाला हे काम करायचं असेल, तर कच्चा माल बांधावर पडलेला आहे.

तो प्रयोगशाळेत कसा आणायचा ते क्रमानं सांगतो. कुजक्या कंदाचा, निरोगी आणि सडक्या भागाच्या सीमेवरचा बारीक तुकडा घेतात. वरून चिकटलेले इतर जीव मरावेत म्हणून तो सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यातून काढून निर्जंतुक पाण्यानं धुतात आणि बटाट्याचा अर्क, डेक्स्ट्रोज व अगर यांच्या थाळीवर ठेवतात. चार-पाच दिवसांत कापसासारखी वाढ दिसते, कधी पांढरी, कधी गुलाबी-जांभळट झाक असलेली. सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारखे वाकलेले बीजाणू दिसले की फ्युजेरियमचा संशय घ्यायचा. जात मात्र डीएनए तपासल्याशिवाय ठरवू नये. का, ते पुढे येईलच.

शुद्ध केलेली बुरशी मग द्रव खाद्यात वाढवतात. माल्टचा अर्क, ग्लुकोज, यीस्टचा अर्क आणि पेप्टोन घातलेलं पाणी निर्जंतुक करून त्यात बुरशीचा तुकडा सोडायचा आणि चंबू शेकरवर २५ ते २८ अंश सेल्सिअसला चारेक दिवस हलत ठेवायचा. धाग्यांचे गोळे तयार होतात. ते गाळून ऊर्ध्वपातित पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचे. नवशिक्याला इथे घाई होते, आणि इथेच प्रयोग बिघडतो. धाग्यांना चिकटून राहिलेलं ग्लुकोज आणि पेप्टोन स्वतःच चांदीला इलेक्ट्रॉन देऊ शकतात. मग रंग बदलतो आणि श्रेय बुरशीला जातं. दुसरी भानगड क्लोराइडची. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतं, आणि चांदीच्या पाण्यात क्लोराइड पडलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा गाळ बसतो. गलाईच्या कामात मीठ टाकून चांदी अशीच मुद्दाम खाली बसवता येते. इथे ती आपत्ती ठरते.

धुतलेले धागे, दर १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्याला १० ग्रॅम या प्रमाणात, दोन-तीन दिवस नुसत्या पाण्यात ठेवतात. खायला काही नाही, तरी बुरशी आपल्या स्वभावानं प्रथिनं आणि एन्झाइम बाहेर सोडत राहते. बुरशीचं पोटच मुळात शरीराबाहेर असतं. ती अन्नावर एन्झाइम सोडते, ते बाहेर पचवते आणि मग शोषून घेते. म्हणून या कामात ती बहुतेक जिवाणूंपेक्षा सोयीची. प्रथिनं भरपूर, आणि धागे साध्या गाळणकागदानं वेगळे होतात. गाळून आलेलं फिकट पाणी हा आपला खरा कामगार.

त्यात सिल्व्हर नायट्रेट घालतात. प्रमाण साधारण लिटरला १७० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिलिटरच्या चंबूत १७ मिलिग्रॅम, आणि त्यातली निव्वळ चांदी जेमतेम ११ मिलिग्रॅम. चंबू अंधारात ठेवायचा, कारण सिल्व्हर नायट्रेट उजेडानंही काळवंडतं. शेजारी आणखी दोन चंबू हवेतच, एकात नुसतं सिल्व्हर नायट्रेट, दुसऱ्यात नुसतं बुरशीचं पाणी. हे दोन्ही जसेच्या तसे राहिले आणि तिसरा पिवळट होत होत तपकिरी झाला, तरच काही सिद्ध झालं.

चांदीचं पाणी तपकिरी का व्हावं? इतक्या लहान कणावर प्रकाश पडला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीबरोबर एकत्र डोलू लागतात आणि ठरावीक रंगाचा प्रकाश गिळतात. लहान, गोल चांदीचे कण ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळा-निळा प्रकाश गिळतात. उरलेला आपल्यापर्यंत येतो तो पिवळा-तपकिरी. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर या जागी एक उंचवटा उमटतो. तो अरुंद असेल तर कण बहुधा सारख्या मापाचे आहेत. तो पसरला, जास्त तरंगलांबीकडे सरकला, तर कण मोठे होताहेत किंवा चिकटू लागलेत. त्याच वाटेनं पुढे गेलं की शेवटी गलाईच्या बादलीतला करडा गाळच मिळतो.

आता इलेक्ट्रॉन कोण देतं आणि थांबवतं कोण? २००३च्या त्याच कामात पुण्याच्या गटानं फ्युजेरियम मोनिलिफॉर्मे ही जवळची नातलग बुरशीही वापरून पाहिली होती. तिनं चांदीचे कण केले नाहीत, आतही नाही, बाहेरही नाही. म्हणजे कोणतीही बुरशी, कोणतंही प्रथिन चालतं असं नाही. जात नीट ठरवण्याचा आग्रह यासाठीच. संशय नायट्रेट रिडक्टेज या एन्झाइमवर होता. मातीतलं नायट्रेट वापरण्यासाठी बुरशी ते बाळगते, आणि पेशीतल्या एनएडीपीएच या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते पुढे पोचवतं. २००७ साली याच प्रयोगशाळेतून आलेल्या कामानं हे एन्झाइम शुद्ध करून, एनएडीपीएच, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा एक रेणू आणि कणांना धरून ठेवणारं एक पेप्टाइड यांच्यासह नुसत्या परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटमध्ये घातलं. बुरशी नव्हतीच, तरी १० ते २५ नॅनोमीटरचे कण तयार झाले. तरीही प्रत्येक बुरशीत हेच घडतं असं मी म्हणणार नाही. प्रथिनांतली काही अमिनो आम्लंही चांदीला धातुरूप देऊ शकतात.

त्या प्रयोगातलं पेप्टाइड लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण थांबवण्याचं काम त्याचं. बुरशीच्या पाण्यात ही जागा तिच्या प्रथिनांची. प्रथिनांतले गंधकाचे आणि नायट्रोजनचे गट चांदीच्या पृष्ठभागाला घट्ट धरतात. कण जन्मला की त्याच्याभोवती प्रथिनांचं वेष्टण चढतं. मग दुसरा कण जवळ आला तरी धातूला धातू भिडत नाही, शिवाय वेष्टणावरचा विद्युतभार त्यांना एकमेकांपासून लोटतो. तांब्याच्या पट्टीजवळ असं मध्ये पडणारं कुणी नसतं.

रंगावरून अंदाज येतो, खात्री येत नाही. आकार मोजायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. धातू चांदीच आहे, क्लोराइड नाही, हे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून कळतं. वेष्टणातले रासायनिक बंध अवरक्त किरणांनी ओळखतात. ही उपकरणं महागडी असल्यानं जिल्ह्याच्या ठिकाणचे नमुने विद्यापीठात किंवा मोठ्या संस्थेत पाठवावे लागतात. म्हणूनच पहिले दोन ताळ्याचे चंबू आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर यांवर घेतलेले कष्ट पुढचे पैसे वाचवतात.

कोणती बुरशी वापरायची, हा प्रश्न मला मापाच्या प्रश्नाहून महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतून २००७ साली ॲस्परजिलस फ्लेव्हसनं केलेल्या चांदीच्या कणांचं काम आलं, नऊ नॅनोमीटरच्या आसपासचे सुबक कण. पण ही बुरशी भुईमूग-मक्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी. फ्युजेरियमही पिकांचा वैरी. कारखान्यात शेकडो लिटर वाढवायची आणि तिचं पाणी जखमेवरच्या मलमात घालायचं म्हटलं तर मन कचरतं. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २००८ साली ट्रायकोडर्मा ॲस्परेलम निवडली ती म्हणूनच मला फार शहाणपणाची वाटते. कंदकुज रोखायला आपले शेतकरी शेणखतात मिसळून शेतात टाकतात तीच ही ट्रायकोडर्मा. ती वाढवण्याचं तंत्र गावोगावी पोचलेलं आहे. तिच्या पाण्यानं १३ ते १८ नॅनोमीटरचे कण झाले आणि सहा महिने ठेवूनही ते टिकून राहिले.

जिवाणूंवर हे कण कसे चालतात? ऑक्सिजनच्या सान्निध्यात कणाच्या पृष्ठभागावरची चांदी हळूहळू पुन्हा आयन होऊन सुटते. हे आयन जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना पकडतात. श्वसनाची साखळी तुटते, पेशीपटल गळू लागतं, पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू साचतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली ऑक्सिजन काढून टाकलेल्या वातावरणात चांदीचे कण जिवाणूंवर वापरले, तेव्हा ते जवळपास निष्प्रभ ठरले. मारणारे आयनच होते. कण हे आयनांचं कोठार, हळूहळू सुटणारं. सिल्व्हर नायट्रेटचे आयन मात्र एकदमच येतात, क्लोराइडशी आणि जखमेतल्या प्रथिनांशी बांधले जातात आणि संपतात.

हे तपासायची प्रचलित रीत सोपी आहे. थाळीवर जिवाणू पसरायचे, मधे छोटा खड्डा करून त्यात कणांचं द्रावण भरायचं आणि दुसऱ्या दिवशी भोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ किती मिलिमीटरचं ते मोजायचं. या वर्तुळावर फार विसंबू नये. वेष्टणासह जड झालेले कण अगरमधून नीट पसरत नाहीत, तेव्हा लहान वर्तुळ म्हणजे दुबळे कण असं होत नाही. उलट मोठं वर्तुळ उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटचंही असू शकतं, किंवा बुरशीनं सोडलेल्या एखाद्या प्रतिजैविकाचं. शेवटी पेनिसिलिनही बुरशीनंच दिलं आहे. म्हणून इथेही नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि नुसतं बुरशीचं पाणी शेजारी हवंच. त्याहून बरं म्हणजे द्रव खाद्यात कणांचं प्रमाण निम्म्यानिम्म्यानं कमी करत जाऊन जिवाणूंची वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण काढावं.

वापर कुठे? जखमेवरच्या पट्ट्या आणि मलम, कापडावरचा लेप, नळ्यांचा आतला थर. ब्राझीलमध्ये नेल्सन दुरान यांच्या गटानं २००७ साली फ्युजेरियमनं केलेले कण सुती कापडावर चढवले आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसची वाढ त्यावर रोखली गेल्याचं दाखवलं. त्या कामातली मला मनापासून आवडलेली गोष्ट दुसरी आहे. कापड धुतलेलं चांदीयुक्त पाणी तसंच न सोडता त्यांनी त्यावरही प्रक्रिया करून पाहिली. विट्यासारख्या यंत्रमागाच्या गावाला किंवा मिरजेसारख्या दवाखान्यांच्या शहराला उद्या असं कापड विकायला कुणी आलं, तर धुण्याच्या पाण्याचं काय, हे आधी विचारावं.

शेतात फवारायला किंवा आळवणीला चांदीचे कण वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चांदी शत्रू-मित्र ओळखत नाही. मुळाशी नत्र बांधणारे जिवाणूही तिला तितकेच बळी पडतात, आणि मातीत गेलेला धातू नाहीसा होत नाही. चांदीचं पाणी औषध म्हणून पिणं तर त्याहून वाईट, त्यानं कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते. ‘हिरवं तंत्र’ हे बिरुदही जपून वापरावं. कण करताना घातक रसायन लागत नाही हे खरं, पण बाटलीतलं सिल्व्हर नायट्रेट नायट्रिक ॲसिडमधूनच आलेलं असतं.

जिवाणू याही शस्त्राला उत्तर शोधतात. १९७५ सालीच अमेरिकेत बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीला न जुमानणारे साल्मोनेला सापडले होते. २०१८ साली चेक संशोधकांनी दाखवलं की ई. कोलाय जिवाणू वारंवार चांदीच्या कणांना सामोरे गेले की आपल्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन बाहेर सोडतात, आणि त्यानं कण एकमेकांना चिकटून निकामी होतात. बुरशीच्या प्रथिनानं जे रोखलं, ते जिवाणूच्या प्रथिनानं घडवून आणलं. तेव्हा वेष्टण कोणत्या प्रथिनाचं आहे आणि ते फ्लॅजेलिनपुढे टिकतं का, हे बुरशीच्या कणांवर काम करणाऱ्यांनी तपासलं पाहिजे.

कारखान्याच्या वाटेवरचा मोठा अडसर सातत्याचा आहे. बुरशी एका खाद्यावरून दुसऱ्यावर पुन्हा पुन्हा लावत गेलं की तिचा स्वभाव बदलू शकतो. खाद्य, सामू, तापमान जरा हललं तरी प्रथिनांचं मिश्रण बदलतं आणि त्याबरोबर कणांचं मापही. कण वेगळे करणं हेही काम किचकटच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या सहभागानं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात एमकेवाय-३ या चांदी सोसणाऱ्या यीस्टनं केलेले दोन ते पाच नॅनोमीटरचे कण द्रावण गोठवून मग वेगवेगळ्या टप्प्यांत वितळू देऊन वेगळे केले होते. ही युक्ती सुंदर आहे, पण हजार लिटरला ती परवडेल का हा प्रश्न उरतो.

म्हणून सातारा-सांगलीतल्या एखाद्या विद्यार्थ्यानं आल्याच्या वाफ्यातून चांगली बुरशी मिळवली, तर निबंध छापून ती फ्रिजमध्ये विसरू नये. आघारकर संस्थेतच राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे. तिथे ती जमा करून क्रमांक घ्यावा, आणि निबंधात तो क्रमांक, खाद्य, सामू, तापमान आणि पुनर्लागवड किती वेळा झाली हे सगळं लिहावं. तोच क्रमांक मागवून कोल्हापूरच्या किंवा अमरावतीच्या प्रयोगशाळेत तसेच कण मिळाले, तर मलमाची किंवा कापडाची चर्चा सुरू करता येईल.